मंगल, त्या दोघांचं लग्न राहिलंच

मंगल,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. प्रवरेच्या काठावर पिंड ठेवून माणसं दहा पावलं मागे सरकली नाहीत तोच तो आला, इकडेतिकडे बघितलं आणि चोच मारली. तुझ्या सासूबाईंनी हात जोडले. "पोरीचं मन कशात अडकलं न्हवतं," म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऊन चढायला लागलं होतं, सगळ्यांना बरंच वाटलं. मला मात्र तुझा राग आला. कावळा अडला असता तर मी पुढे होऊन एक वाक्य बोलणार होते. श्रीगोंद्याहून तुझ्या सासरी राजूरपर्यंत तीन एस.टी. बदलताना मी ते पाठ करत आले होते. तू तेवढीही संधी दिली नाहीस.

म्हणून आता लिहायला बसले आहे. मशीनवर तीन ब्लाउज अर्धे पडलेत, गिऱ्हाईक दारातून डोकावून परत जातंय. जाऊ दे. माझ्या पत्रांना तू नावं ठेवायचीस. "छाये, तू लई सरळ रेषेत लिवतीस, कापडावर खडू वढल्यावानी." आज सरळ रेषेत जमेल असं वाटत नाही.

तुझा आजार, दवाखाना, शेवटचे दिवस हे सगळं तुझे गुरुजी भेटेल त्याला सांगतायत. नवऱ्याला तेवढाच आधार असतो. मी त्यातलं काही लिहिणार नाही. मला आठवतंय ते आपल्या श्रीगोंद्याच्या एस.टी. स्टँडमागची पिठाची गिरणी आणि तिच्यावरचा शिवणक्लास. बारावी झाली होती, लग्न ठरत नव्हतं, आणि मुलीचे हात रिकामे नकोत म्हणून आपल्या दोघींच्या घरच्यांनी आपल्याला तिथे नेऊन बसवलं होतं. गिरणी चालू झाली की जमीन हादरायची आणि आपल्या टिपा वाकड्या जायच्या. बाई म्हणायच्या, "गिरनीला नावं ठिवू नका, पायाला ठिवा." तू खिडकीजवळचं मशीन धरलं होतंस, आणि खिडकीखाली मिलिंदभाऊंची लायब्ररी होती.

लायब्ररी म्हणजे सायकलच्या दुकानातली एक भिंत. पलीकडे पंक्चर निघायचं आणि अलीकडे दोरीवर कॉमिक्स टांगलेली असायची, हिंदीतली, नगरहून पार्सलने आलेली. मिलिंद केडगावचा, बी.ए. झालेला. बुद्धविहारामागे मावशीकडे राहायचा आणि नोकरीचे अर्ज करून करून कंटाळल्यावर त्याने हे काढलं होतं. कॉलेजच्या वयाच्या मुली कॉमिक्स वाचतात याचं लोकांना हसू यायचं. आपण कापडाच्या पिशवीत मापं आखायच्या पेपर कटिंगच्या कागदाखाली लपवून न्यायचो. बाईंनी एकदा पिशवी उघडली, वर त्या कॉमिक्सातल्या दगडी हिरोचं, पाषाणचं, चित्र बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या मानसाला सदरा शिवायचा झाला तर छाती किती धराल?" तू म्हणालीस, "बाई, त्याला सदरा टिकतच न्हाई." पुढे बाईही गुपचूप वाचायला लागल्या.

कॉमिक्सवर लोक काहीबाही लिहायचे, मिशा काढायचे, म्हणून मिलिंदने एक पद्धत काढली होती. प्रत्येक अंकाच्या शेवटी तो एक आखीव कागद चिकटवायचा. वर त्याच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं असायचं: 'चित्रांवर लिहू नये. मत येथे लिहावे. खरे नाव नको, पण नाव हवे. बिननावाचे मत धरले जाणार नाही.' मग प्रत्येकाने आपापलं नाव घेतलं. तालमीतला एक जण 'पैलवान' झाला. कारखान्यातला वजनकाट्यावरचा कारकून 'काटा' झाला. तू झालीस 'खिडकीवाली'. मिलिंद स्वतः 'दुकानदार' म्हणून लिहायचा. मी 'तटस्थ' हे नाव घेतलं, कारण मला त्यात विद्वत्ता वाटली. तू तेव्हाच हसली होतीस. म्हणालीस, "तुला तर भाजीतल्या मिठावर बी मत आसतं."

पाषाण आणि तरंगिणी. आज ही नावं कुणाला सांगितली तर कळणारसुद्धा नाहीत. तो खाणीतला मजूर, सुरुंग उडाला तेव्हा दगडाचा झाला. ती नदीच्या राज्यातली राजकन्या, हवं तेव्हा पाणी होणारी. दोन वर्षं दोघं आपापल्या अंकात आपापले चोर धरत होते. मग तो एक अंक आला. शेवटच्या पानावर धरण वाचवून दोघं भिंतीवर बसलेत, आणि ती त्याच्या दगडी गालाला हात लावते. तिचा हात पाण्याचा होतो आणि त्याच्या गालावर हिरवा ठिपका उमटतो, शेवाळाचा. खाली इतकंच लिहिलेलं होतं की पुढे काय व्हावं हे वाचकांनी कार्ड टाकून कळवावं.

श्रीगोंद्यात त्या हिरव्या ठिपक्यावरून जे झालं ते ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला झालं नसेल. आखीव कागद दोन दिवसांत भरला. 'पैलवान'ने लिहिलं, "लंगोटाचा पक्का गडी होता. वाया गेला." 'काटा' म्हणाला, "याचं वजन टनात, तिचं लिटरमध्ये. जमणार कसं?" 'आठवी ब' या नावाने लिहिणाऱ्या टोळीने निषेध नोंदवला की या अंकात मारामारीला फक्त चार पानं आहेत. एका एस.टी. कंडक्टरने लिहिलं की आधी ड्युटी संपवावी, मग काय ते करावं. 'दोन लेकरांची आई' या नावाखाली कुणीतरी एकच ओळ लिहिली होती, "तो हसला, हे कुणी पाहिलं का?" आणि खरंच, आपण सगळ्यांनी परत पान उघडून बघितलं तर तो हसत होता. ती बाई कोण हे आपल्याला कधीच कळलं नाही. तुझा संशय आपल्या बाईंवर होता. मिलिंद एकावर एक कागद चिकटवत गेला. शेवटी अंक पुढून पातळ आणि मागून जाड झाला, नीट मिटेना.

आपण दोघी तेव्हापासून भांडत राहिलो. मी म्हणायचे, लग्न नको. पाण्याने दगड झिजतो, आणि दगडाने पाणी अडतं. दोघांनी आपापल्या जागी राहावं, त्यातच त्यांची किंमत. तू म्हणायचीस, "झिजतो तर झिजू दे की. नदीच्या घाटावर बग, पाण्यातली पायरीच पायाला गोड लागती." मी म्हणायचे, लग्न झालं की पुढचे अंक धुण्याभांड्यांचे येतील. तू म्हणायचीस, "ती सोता पानी हाय, भांडी आपली आपन निगतील." बाई ओरडेपर्यंत हे चालायचं. दर आठवड्याला तू दिल्लीला, कॉमिक्सच्या कंपनीला, एक कार्ड टाकायचीस. मी एकच टाकलं, लग्नाच्या विरोधात. तेवढं तुझ्यापासून लपवलं नव्हतं.

तो दिवस मला नेमका आठवतो. आपण अंक परत द्यायला खाली उतरलो होतो. तू अंक पुढे केलास आणि म्हणालीस, "झाला वाचून." एवढंच. रोज तू म्हणायचीस, "झाला वाचून, मिलिंदभाऊ." त्या दिवशी 'भाऊ' आलं नाही. त्याने अंक घेतला आणि दोरीवर उलटा टांगला. जिना चढताना मी तुझ्याकडे बघितलं तर तू पायऱ्यांकडे बघत होतीस. तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पण त्यानंतर मी कागदांवरची मतं वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागले. 'खिडकीवाली' लिहायची, 'दुकानदार' त्याखाली लिहायचा. बोलणं पाषाणचं आणि तरंगिणीचं असायचं, आणि एकही शब्द असा नसायचा की कुणी बोट ठेवावं. दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहण्यापलीकडे कधी एकत्र नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. आता सांगायला कुणी विचारणार नाही.

मग एक दिवस टाका घालता घालता तूच म्हणालीस, "छाये, मी इचारनार हाय त्याला."

"काय?"

"आगं काय म्हंजे? कागदावर. तो न्हाई इचारायचा. त्याला भ्याव वाटतंय. आन् बराबर हाय त्याचं भ्याव. माजा चुलता कसा हाय ते गावाला ठावं हाय."

"आणि घरी?"

"घरी मंग बगू. आदी त्याचं तर कळू दे."

मी सुईत दोरा ओवत बसले. तुझ्या आवाजात भीती नव्हती याचीच मला भीती वाटली, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तसं नव्हतं. मला मत्सर वाटला. मिलिंदचा नव्हे, तुझा. आणि तुझा म्हणजे तरी काय, तू जाणार याचा. खिडकीजवळचं मशीन रिकामं होणार आणि मी एकटी गिरणीच्या हादऱ्यात टिपा मारत बसणार, हे मला दिसलं. जी मैत्रीण मला विचारल्याशिवाय ब्लाउजचा गळा ठरवत नव्हती, तिने एवढं मोठं मला न विचारता ठरवलं होतं.

तू त्याच हिरव्या ठिपक्याच्या अंकावर, तिसऱ्या कागदाच्या शेवटी लिहिलंस: "तरंगिणीने स्वतः विचारलं तर पाषाण काय म्हणेल? — खिडकीवाली." अक्षर इतकं सावकाश काढलं होतंस की शाई कागदात खोल गेली होती. मग मामाच्या घरी हळद होती म्हणून तू दोन दिवसांसाठी गेलीस आणि जाताना अंक माझ्या हातात दिलास. "दिऊन टाक गं. मला सोता द्याया लाज वाटती."

मी अंक घरी नेला. त्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर माझे काका कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते. पायरी, खाण, औकात असले शब्द येत होते. ते शब्द आमच्या घरात रोजच्या पिठामिठासारखे असायचे, कुणाचं लक्षही जायचं नाही. मी पेपर कटिंगची लाल-निळी पेन्सिल घेतली आणि तुझ्या ओळीखाली मोठ्या, तुटक अक्षरांत लिहिलं: "खाणीत जन्मलेल्याने आपली पायरी ओळखावी. नदीच्या घरी कळलं तर दगडाची खडी होईल."

नाव घातलं नाही.

लिहिताना मला ते विनोदी वाटलं होतं, हेही सांगून टाकते. 'पैलवान' आणि 'काटा' लिहायचे तसंच एक मत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंक काउंटरवर ठेवला आणि मिलिंदभाऊंना म्हणाले, "मंगलने दिलाय." भाऊ म्हणायला मी विसरले नाही.

मी जात बघून लिहिलं नाही, असं मला फार आवडलं असतं म्हणायला. आपण एकत्र डबा खायचो, तू तर मिलिंदच्या मावशीच्या हातचं धपाटंही खाल्लं होतंस, आणि तू काय खाल्लंस हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या न सांगण्याचंच मला मोठेपण वाटायचं. पण शब्द निवडायची वेळ आली तेव्हा हात बरोबर त्या शब्दांवर गेला. मिलिंदला कोण लिहितंय हे कळायची गरजच नव्हती. त्याला गाव कळलं.

तू परत आलीस त्या दिवशी तो तुझ्याशी बोलला नाही. दोरीवरून तोच अंक काढला आणि तुझ्या हातात दिला. तुला वाटलं उत्तर आहे. जिन्यातच उभी राहून तू शेवटचा कागद उलगडलास. दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातली ती भिंत मोकळी होती, नुसते खिळे आणि दोरी. मावशी म्हणाली, "पुन्याकडं गेला, कंपनीत. लई दिस चाललं हुतं त्याचं." दुकानाचा नियम त्याने स्वतः लिहिला होता, बिननावाचं मत धरलं जाणार नाही म्हणून. आणि नेमकं तेच एक त्याने धरलं.

तू क्लासला आलीस. अंक माझ्यासमोर उघडा ठेवलास.

"कुनी लिवलं आसंल गं?"

तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तू माझ्याकडे बघत होतीस, आणि मी तुझ्या मशीनच्या चाकाकडे.

"पैलवान असेल," मी म्हणाले. "दोन दिवस अंक तिथेच पडून होता. तो बसलेला असतो तिथे."

तू अंक उचलून पिशवीत घातलास. मग म्हणालीस, "व्हय. आसंल." आणि माझी पेन्सिल मागितलीस. "दी की जरा, माजी तुटली." घरी नेलीस आणि दुसऱ्या दिवशी परत दिलीस, दोन्ही टोकं छान तासून. मी मनात म्हटलं, बरं झालं, हिला पटलं.

महिनाभराने तू एकदाच म्हणालीस, "केडगावला येशील का माज्यासंगं? त्याच्या आईला भेटून यिऊ. नुसतं इचारू, बरा हाय का." मी म्हणाले, कशाला उगाच, लोक काय म्हणतील, त्याने स्वतः कळवायला नको का. तुला एकटीला घरचे सोडत नव्हते. मी बरोबर असते तर सोडलं असतं. नगरला दोरे-अस्तर आणायला आपण दर महिन्याला जायचोच, आणि केडगाव तर वाटेवरच. तू परत विचारलं नाहीस. पुढच्या वेळी आपण नगरला गेलो तेव्हा केडगाव आलं आणि तू एस.टी.च्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसलीस.

वर्षाने राजूरचं स्थळ आलं. गुरुजी माणूस सज्जन, नोकरी कायम. तुझ्या लग्नाचा ब्लाउज मी शिवला. माप घेताना तू हात वर करून उभी होतीस आणि मी टेप तुझ्या पाठीवरून फिरवत होते. तू म्हणालीस, "सैल नको करू. तू सगळं भिऊन सैल करतीस." मी हसले. तूही हसलीस. मंगल, तेव्हा तू काय काय गिळून हसत होतीस गं?

मग घरोघर केबल आली आणि कॉमिक्स कुणी वाचेना. दिल्लीची ती कंपनीही बंद पडली, लग्नाचा अंक निघालाच नाही. तू राजूरहून लिहायचीस: इथे धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही, बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरनं माणसं उतरतात, मुलींना शिवण शिकवते. प्रत्येक पत्राच्या शेवटी तुझा एक प्रश्न असायचा, "काय म्हणतोय तटस्थ?" मला तो लाडाचा वाटायचा. मी उत्तर द्यायचे, "तटस्थ ठीक आहे."

शेवटचं भेटलो ते नगरच्या दवाखान्यात. तुझे पाय सुजले होते, आणि बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होती. गुरुजी औषध आणायला खाली गेले होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "छाये, त्या दोघांचं पुढं काय झालं आसंल?"

मला लगेच कळलं कुठले दोघं.

"कंपनी बंद पडली गं."

"ते ठावं हाय. तुला काय वाटतंय ते सांग."

मी तुझी बांगडी परत मनगटापर्यंत आणली. मग म्हणाले, "लग्न झालं असेल."

तू डोळे उघडलेस. माझ्याकडे नीट बघितलंस. "आत्ता म्हंतीस," म्हणालीस.

तेव्हा सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, ओठापर्यंत आलं होतं. नर्स सलाईन बदलायला आली आणि मी स्टूल मागे सरकवलं. ती गेल्यावर तुझा डोळा लागला होता. तू मुद्दाम झोपलीस का? तुला ऐकायचं नव्हतं, का मला सोडवायचं होतं? हे भांडण मी आता कुणाशी पुरं करू?

दहावा उरकल्यावर सासूबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. तुझी पत्र्याची ट्रंक पुढे ओढली. "तुमच्या शिवनाचं हाय त्यातलं. तुमी घ्या, आमच्यात कुनाला कळत न्हाई," म्हणाल्या. कात्री होती, टेप होता, बाईंनी शिकवलेल्या गळ्यांचे कागदी फर्मे होते, आणि फर्म्यांच्या खाली पुढून पातळ आणि मागून जाड असा एक अंक. एस.टी.त मी तो उघडला नाही. घरी येऊन, दार लावून उघडला.

हिरवा ठिपका अजून हिरवाच आहे. पैलवान आहे, काटा आहे, दोन लेकरांची आई आहे. तिसऱ्या कागदाच्या शेवटी तुझी ओळ, तिच्याखाली निळ्या पेन्सिलीतली माझी. आणि माझ्या ओळीखाली, त्याच पेन्सिलीच्या लाल टोकाने, नीट तासलेल्या, तुझ्या अक्षरात: "तटस्थ, नाव घालायचं राहिलं."

म्हणजे त्याच दिवशी. मी पैलवानाचं नाव घेतलं आणि तू पेन्सिल घरी नेलीस, त्याच दिवशी. सगळं गाव बॉलपेनने लिहायचं; लाल-निळी पेन्सिल फक्त आपल्या क्लासात होती. अक्षर बदलायचं मला सुचलं, पेन्सिल बदलायचं सुचलं नाही. त्यानंतर तू माझ्याबरोबर डबा खाल्लास. केडगावला येतेस का म्हणून मलाच विचारलंस. माझ्याकडून ब्लाउज शिवून घेतलास. पाच वर्षं प्रत्येक पत्रात विचारत राहिलीस, काय म्हणतोय तटस्थ, आणि मी प्रत्येक पत्रात तो ठीक आहे म्हणून कळवलं.

मी हे सगळं तुझ्या माफीसाठी लिहीत नाही. माफी करून टाकायची असती तर तू ती ओळ खोडली असतीस. शिक्षाही नव्हती, नाहीतर चारचौघांत माझं नाव घेतलं असतंस. तू जागा मोकळी ठेवलीस आणि वाट बघितलीस. एवढा धीर मला कुणी आयुष्यात दाखवला नाही. मी तो वाया घालवला, आणि आता रडून तरी काय उपयोग? रडतेच आहे.

राजूरच्या वाटेवर पाठ केलेलं वाक्य एवढंच होतं: "मंगल, ते मी लिहिलं." तुला ते सांगायची गरजच नव्हती, हे मला घरी आल्यावर कळलं. पण एक माणूस असा आहे की ज्याला अजून वाटतं, ते गावाने लिहिलं.

अंक लायब्ररीचा आहे. परत करायचा राहिलाय. मिलिंदचे आईवडील केडगावातच राहतात, मी चौकशी केली. तो पुण्याहून सुट्टीला येतो, लग्न झालंय त्याचं. उद्या पहिल्या एस.टी.ने जाते. तो भेटला तर त्याच्या हातात देईन, नाहीतर त्याच्या आईच्या. अस्तर आणायला चाललेय असं या वेळी कुणाला सांगणार नाही. तू त्याला विचारलेला प्रश्न अजून तिथेच आहे, त्याच्या उत्तराची जागा माझ्या ओळीने अडवली होती. तो काय म्हणेल, रागावेल, दारातून परत पाठवेल, मला माहीत नाही. त्याला तो हक्क आहे.

ती पेन्सिल सापडली. बोटभर उरलीय. तू तासलेली टोकं केव्हाच झिजली, आज पुन्हा तासली. तुझ्या लाल ओळीखाली थोडी जागा होती, तिथे निळ्या टोकाने, माझ्या नेहमीच्या सरळ अक्षरात नाव घातलं आहे. 'तटस्थ' नाही घातलं.

छाया.